मोठ्या बाईंचं लॉगबुक

नॅकच्या, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या, स्वयंमूल्यमापन अहवालातला पाचवा निकष विद्यार्थ्यांच्या पुढच्या वाटचालीचा असतो. शिक्षणशास्त्र महाविद्यालयांना त्यात विचारतात, की गेल्या पाच वर्षांत उत्तीर्ण झालेल्यांपैकी किती जण शिक्षक किंवा शिक्षक-प्रशिक्षक म्हणून नोकरीला लागले, किती जण पुढच्या शिक्षणाला गेले, किती जण नेट, सेट, टीईटी झाले. प्रत्येक नावामागे पुरावा लागतो, म्हणजे नेमणूक आदेशाची किंवा प्रवेशपावतीची प्रत. बी.एड.च्या मुलामुलींसाठी हा प्रश्न अगदी योग्य आहे. एम.एड.च्या बाबतीत मात्र तो अर्ध्या वाटेवर थांबतो. आमच्याकडे एम.एड.ला येणाऱ्यांपैकी बरेच जण आधीच शिक्षक असतात. त्यांतले जे शैक्षणिक प्रशासन आणि नेतृत्व हा विशेष विषय घेतात त्यांना पर्यवेक्षक, मुख्याध्यापक, प्राचार्य, केंद्रप्रमुख व्हायचं असतं, किंवा ते झालेलेही असतात. नोकरी त्यांना पूर्वीच लागलेली आहे. मग दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमाने त्यांना आणि त्यांच्या शाळेला काय दिलं?

महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं, म्हणजे आम्ही सगळे ज्याला आयक्यूएसी म्हणतो त्याचं, समन्वयकपद बरीच वर्षं माझ्याकडे आहे. नॅक म्हटलं की प्राध्यापकांच्या कपाळावर आठ्या पडतात. फायली, फोटो, सह्या, रात्रीची जागरणं आठवतात. माझं मन या प्रक्रियेबद्दल कृतज्ञ आहे. १९९४मध्ये ही परिषद बंगळुरूला स्थापन झाली. त्याआधी आमच्यासारख्या महाविद्यालयाला विद्यापीठाच्या निकालापलीकडे कुणी काही विचारत नसे. निकाल चांगला लागला की काम झालं, अशीच सगळ्यांची समजूत होती. तुमच्याकडून बाहेर पडलेला माणूस पुढे काय करतो, हा प्रश्न नॅकने आमच्या टेबलावर आणून ठेवला. प्रश्न मोलाचा आहे म्हणूनच त्याला पुरेसं उत्तर द्यायला हवं, असं मला वाटत आलं आहे.

२०१७च्या सुधारित पद्धतीनंतर बराचसा भार आकड्यांवर आला. माहिती ऑनलाइन भरायची, तिची पडताळणी होणार, त्यानंतर पिअर टीम दोन दिवस येणार. माजी विद्यार्थ्यांचे फोन लावणं, बदललेले नंबर शोधणं, व्हॉट्सअ‍ॅप गटावर आदेशांच्या प्रती मागवणं हे काम आमचे सहायक प्राध्यापक जिवापाड मेहनतीने करतात. एका बैठकीत एक सहकारी सहज म्हणाले, ‘‘मॅडम, आदेशाची प्रत मागवता येते, शाळा कशी मागवणार?’’ शाळा मागवता येत नाही, तिथे जावं लागतं. तेव्हापासून आम्ही जायला लागलो. नेतृत्व हा विषय घेऊन बाहेर पडलेल्यांच्या शाळा, त्यांची परवानगी घेऊन, भरलेल्या असताना पाहायच्या, एवढंच ठरवलं होतं. मी शक्यतो शनिवार धरते. सकाळची शाळा असते, दुपारी सगळे निवांत बोलू शकतात.

बीड जिल्ह्यातल्या एका गावात पाचवी ते दहावीची अनुदानित शाळा आहे. तिथल्या मुख्याध्यापिका आमच्या माजी विद्यार्थिनी. मुलं त्यांना ‘मोठ्या बाई’ म्हणतात. एम.एड.ला त्या पहिल्या-दुसऱ्या क्रमांकात नव्हत्या. लघुप्रबंधाचं संख्याशास्त्राचं प्रकरण त्यांनी पुन्हापुन्हा लिहून आणलेलं मला आठवतं. नोकरी आधीपासून असल्याने आमच्या नेमणुकीच्या तक्त्यात त्यांची गणतीच होत नाही.

त्यांच्या टेबलावर लॉगबुक होतं. माध्यमिक शाळेत मुख्याध्यापकाने शिक्षकांचे तास पाहायचे आणि लॉगबुकात शेरा लिहायचा, ही जुनी रीत आहे. बहुतेक शाळांत हे शेरे कसे असतात ते मला ठाऊक आहे, कारण मी स्वतः अशा शाळेत शिकवलं आहे. पाठाची तयारी चांगली, फलकलेखन ठळक असावे, विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवावा. मुख्याध्यापकाच्या हातात वीसेक मिनिटं असतात आणि पुढ्यात शालार्थवरची पगारबिलं, यू-डायसची माहिती, पोषण आहाराचा हिशेब, संचमान्यतेची धास्ती. अशा घाईत याहून वेगळं काही लिहून होत नाही. या शाळेच्या लॉगबुकातही आधीची पानं तशीच होती. पुढची पानं वाचताना मी खुर्ची ओढून बसले.

सहावीच्या गणिताच्या तासावरची नोंद अशी होती: ‘भागाकार करताना दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचा, हे बहुतेक मुलांनी बिनचूक केले. अर्ध्या भाकरीचे पाव भाकरीएवढे तुकडे किती होतील, असे मी मधल्या रांगेत विचारले तेव्हा चारच मुलांना सांगता आले. सर, उद्या भाकरीपासून सुरुवात करून पाहू या का? मी शेवटच्या बाकावर असेन.’ खाली शिक्षकाची सही आणि ‘वाचले’ हा शब्द. दुसऱ्या दिवशीची नोंद: ‘कागदी भाकऱ्या कापल्या. वेळ गेला, दोनच उदाहरणे झाली. पण आज विचारल्यावर अर्ध्याहून अधिक हात वर आले. मागच्या भिंतीकडच्या मुली अजून गप्प आहेत.’ आता सहीबरोबर शिक्षकाचंही उत्तर होतं: ‘त्या दोघी पाचवीत बराच काळ गैरहजर होत्या. त्यांना अपूर्णांक म्हणजे काय तेच नीट माहीत नाही. मी मधल्या सुट्टीत बसवतो.’ आणखी काही दिवसांनी त्याच शिक्षकांनी पाचवीच्या बाईंना आपला तास पाहायला बोलावल्याची नोंद होती. ती मोठ्या बाईंनी केलेली नव्हती. शिक्षकांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती.

शिकवणाऱ्याने काय केलं यावरून नजर मुलांना काय कळलं याकडे वळली आहे. नोंद पुढच्या दिवशी पुढे चालते. शेरा मारणारा माणूस पुन्हा येण्याचा शब्द देतो आणि येतो. मुख्याध्यापकाच्या कामातला हा सर्वांत अवघड भाग आहे, असं माझं अनेक शाळा पाहून झालेलं मत आहे. इमारत बांधून घेणं, निधी मिळवणं, कार्यक्रम घडवणं त्यामानाने सोपं. त्याची दखलही लवकर घेतली जाते.

त्यांनी वेळ कसा काढला, हे मी विचारलं. प्रार्थनेनंतरचे पहिले दोन तास कार्यालयात बसायचं नाही, असा त्यांनी नियम केला. मोबाइल लिपिकांकडे ठेवायचा, आणि शिक्षणाधिकारी कार्यालयातून फोन आला तर त्यांनी ‘बाई वर्गावर आहेत’ असं सांगायचं. सुरुवातीला संस्थेच्या सचिवांना हे रुचलं नव्हतं. भेटायला यायचं आणि व्हरांड्यात थांबायचं, ही सवय कुणाला असते? मोठ्या बाईंनी त्यांनाही एकदा वर्गात शेजारी बसवलं. मग तक्रार थांबली.

‘‘मॅडम, एम.एड.ला तुम्ही आम्हाला मागं बसायला शिकवलंत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तोवर मी वर्गात फक्त पुढंच उभी राहिले होते. मागून शाळा वेगळीच दिसती.’’

ज्या दोघी मुली पाचवीत गैरहजर होत्या, त्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर कुटुंबं निघतात ती उन्हाळ्यातच परततात. अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं. गावाबाहेर जाताना ते सोबत न्यायचं आणि जिथे मुक्काम पडेल तिथल्या शाळेत दाखवायचं. कार्ड देऊन शाळेचं कर्तव्य कागदावर पूर्ण होतं. मोठ्या बाई त्यापुढे एक वही ठेवतात. मूल कोणत्या कारखान्याच्या हद्दीत गेलं, मुकादमाचा नंबर काय, जवळची शाळा कोणती, तिथल्या मुख्याध्यापकांशी कधी बोलणं झालं, हे सगळं त्या वहीत. काही नावांपुढे ‘आजीजवळ ठेवलं’ असं आहे. घरी जाऊन आजीशी बोलल्याशिवाय ते झालेलं नाही. सगळीच मुलं थांबली नाहीत, हे त्या वहीतूनच कळतं. त्यांनी ते लपवलेलं नाही.

याच अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या दुसऱ्या एका मुख्याध्यापकांची शाळा मला अस्वस्थ करून गेली. दप्तर चोख, भिंती बोलक्या, शाळासिद्धीचं स्वयंमूल्यमापन वेळेवर भरलेलं. पाचवीच्या मुलांना गोष्टीचं पुस्तक वाचायला दिलं, तर निम्मी मुलं जोडाक्षरापाशी अडत होती. सर माझ्याबरोबर उभे राहून ऐकत होते. त्यांचा चेहरा उतरला तो खरा होता. कामचुकार माणूस नाही हा. अभ्यासक्रमात प्रशासनाचे नियम, अंदाजपत्रक, अभिलेख यांना जे वजन आहे, ते त्यांनी मनापासून उचललं होतं. अभ्यासक्रमाची निष्पत्ती तपासायची तर ही शाळाही त्याच पानावर लिहावी लागते, मोठ्या बाईंच्या शाळेच्या शेजारी.

आता एक गोष्ट, जी महाराष्ट्राबाहेरून आलेल्या पिअर टीमच्या सदस्यांना नेहमी समजावून सांगावी लागते. आपल्याकडे खाजगी अनुदानित शाळेत मुख्याध्यापक होण्याचा एम.एड.शी थेट संबंध नाही. १९७७च्या कायद्याखाली झालेली १९८१ची सेवाशर्ती नियमावली, जिला शिक्षक एमईपीएस म्हणतात, तिच्या तिसऱ्या नियमानुसार माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकासाठी पदवी, बी.एड. आणि किमान पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो. अशा पात्र शिक्षकांपैकी ज्याची सेवा समाधानकारक आहे आणि जो सर्वांत ज्येष्ठ आहे, त्याला पद द्यायचं. अल्पसंख्याक संस्थांना निवडीची मोकळीक आहे. ज्येष्ठतेचा नियम का आला हे ज्यांनी जुन्या संस्था पाहिल्यात त्यांना सांगायला नको. संस्थाचालकाच्या मर्जीतल्या माणसाला खुर्ची आणि वर्षानुवर्षं राबलेल्याला अन्याय, हे त्याने बऱ्याच अंशी थांबवलं. तो नियम काढून टाका, असं मी कधीच म्हणणार नाही.

पण त्याचा परिणाम असा, की ज्याने नेतृत्वाचं शिक्षण घेतलं तो खुर्चीवर नसतो आणि जो खुर्चीवर येतो त्याला ते शिक्षण मिळालेलं असेलच असं नाही. आमच्या एका अत्यंत गुणी विद्यार्थ्याने मला हिशेब करून दाखवला होता. ज्येष्ठता यादीत त्याच्यावर इतके जण आहेत, की त्याचा क्रम लागेल तेव्हा निवृत्तीला जेमतेम दोन वर्षं उरलेली असतील. ‘‘मग मी शिकलो ते वाया गेलं का, मॅडम?’’ असं त्याने विचारलं नाही. त्याने शाळेतल्या विज्ञान शिक्षकांना गोळा केलं. दर पंधरवड्याला एक घटक घ्यायचा, मुलं कुठे चुकतात ते वह्या उघडून पाहायचं. आधी दोघे-तिघे यायचे. नंतर मुख्याध्यापकांनीच त्या बैठकीला वेळापत्रकात जागा दिली. आमच्या कोणत्याही तक्त्यात या गोष्टीला रकाना नाही. नॅकच्या भाषेत तो ‘शिक्षक, पूर्वीपासून सेवेत’ आहे.

याच्या उलट टोकाला शहरांतल्या विनाअनुदानित इंग्रजी शाळा आहेत. तिथे एम.एड. झालेल्या तरुण मुलीला एकदम प्राचार्यपद मिळतं. आमच्या आकडेवारीत ती नेमणूक झळकते. एका विद्यार्थिनीने थोड्या वर्षांत तीन शाळा बदलल्या. प्रवेशसंख्या वाढली नाही की व्यवस्थापन दुसरी प्राचार्य शोधतं. एकाही शाळेत तिला शिक्षकांबरोबर दुसरं वर्ष मिळालं नाही. तीन उत्तम नेमणुका, आणि ज्यासाठी ती शिकली ते काम एकदाही पूर्ण नाही. तिची यात काही चूक नाही.

दहावीच्या निकालावरून पाहा ना, असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. निकाल तुकडीगणिक हलतो. शिवाय नववीत कच्च्या मुलांना वाटेला लावून दहावीचा निकाल उजळ करणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. मुख्याध्यापकाच्या चांगुलपणाची खूण म्हणून तो आकडा घेतला, तर ज्या मोठ्या बाई ऊसतोडीच्या मुलीला दहावीला बसवायची हिंमत करतात, त्या मागे पडतील.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. त्या बाई मुळातच तशा होत्या, तुमच्या एम.एड.चा त्यात काय वाटा? हे वेगळं करून दाखवणं अशक्य आहे, आणि मी तसा दावा करत नाही. मी एवढंच पाहते, की आज जे त्या करतात त्यातलं काय त्यांनी इथे पहिल्यांदा केलं. मागे बसणं इथे सुरू झालं. वही ठेवायची सवय त्यांची स्वतःची, वडिलांच्या किराणा दुकानातून आलेली.

या भेटींमधून अभ्यासक्रमातल्या काही गोष्टी बदलल्या. राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, २०१४च्या नियमांनी एम.एड. दोन वर्षांचं केलं आणि त्यात क्षेत्रकार्याला भरपूर जागा दिली. पूर्वी नेतृत्वाचे विद्यार्थी शाळेत जाऊन भौतिक सुविधा, कर्मचारी, अभिलेख यांचा अहवाल लिहीत. वर्ग किती, संगणक किती, प्रयोगशाळा आहे की नाही. आता आम्ही दोन कामं देतो. एक, मुख्याध्यापकांबरोबर एकच तास मागे बसून पाहायचा, दोघांनी वेगवेगळं लिहायचं आणि मग दोन्ही कागद समोरासमोर ठेवून बोलायचं. दोन, शाळेतला एखादा निर्णय सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरून ठेवायचा. समजा शाळा व्यवस्थापन समितीत ठराव झाला, की मुलींसाठी एसटीची वेळ शाळा सुटण्याच्या वेळेशी जुळवून घ्यायची. तो ठराव कुणी मांडला, समितीत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत असं कायदा सांगतो तर त्या दिवशी किती बोलल्या, आगारात अर्ज कुणी नेला, वेळ खरोखर बदलली का, आणि मुलींची हजेरी पुढच्या महिन्यात काय सांगते. पहिल्या वर्षी विद्यार्थी कुरकुरले. एका ठरावामागे एवढं फिरायचं? सत्र संपताना त्यांच्यातल्याच एकाने सांगितलं, की नेतृत्वाच्या सिद्धान्तांवरचं प्रकरण त्याला आगाराच्या बाकावर बसून कळलं.

मागच्या मूल्यांकनात आम्ही संस्थेच्या वेगळेपणाच्या मजकुरात हे सगळं लिहिलं. मोठ्या बाईंच्या आणि संबंधित शिक्षकांच्या संमतीने, नावं झाकून, लॉगबुकाच्या पानांच्या छायाप्रती ठेवल्या. पिअर टीमचे एक सदस्य, स्वतः अनेक वर्षं शाळेत काम केलेले, त्या प्रती उभ्याने वाचत राहिले. मग त्यांनी विचारलं, ‘‘या गणिताच्या शिक्षकांशी बोललात का?’’ नेतृत्व कसं आहे हे ज्यांच्यावर ते चालतं त्यांनी सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या या प्रश्नाने आमच्या कामाला पुढची दिशा मिळाली. आता प्रत्येक भेटीत आम्ही निदान दोन शिक्षकांशी, मुख्याध्यापक समोर नसताना, बोलतो. गणिताच्या सरांशीही बोलले. सुरुवातीला त्यांना वाटलं होतं की बाई आपल्यावर पाळत ठेवताहेत, त्यांनी संघटनेकडे तक्रार करायचंही मनात आणलं होतं. कागदी भाकऱ्यांच्या दिवशी तास फसला असता तर केली असती, असं ते म्हणाले. बाईंनी नोंदीत ‘वेळ गेला’ हेही प्रामाणिकपणे लिहिलं, पण शिक्षकाच्या माथी मारलं नाही, तेव्हा त्यांचा विश्वास बसला.

नॅकची पद्धत आता पुन्हा बदलते आहे. राधाकृष्णन समितीच्या शिफारशींवरून अधिस्वीकृत आहे किंवा नाही अशी दुहेरी रचना आणि त्यापुढे १ ते ५ स्तर येणार, हे २०२४च्या सुरुवातीला जाहीर झालं. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला ५० तासांचं व्यावसायिक प्रशिक्षण सांगितलं आहे. हे तास भरले की नाहीत, तेवढंच मोजलं जाऊ नये. मी आमच्या विद्यापीठाच्या अभ्यासमंडळापुढे एक मागणी ठेवली आहे. नेतृत्वाचा विशेष विषय घेऊन बाहेर पडलेल्या प्रत्येकाच्या शाळेला तीन वर्षांनी भेट द्यायची, मग तो खुर्चीवर असो वा नसो, आणि तिथल्या शिक्षकांचं म्हणणं अहवालाला जोडायचं. प्रवासखर्च कुठून, हा पहिला प्रश्न आला. तो रास्त आहे. जवळच्या महाविद्यालयांनी एकमेकांचे माजी विद्यार्थी पाहिले तर खर्च कमी होईल आणि आपल्याच कामाची आपणच वाहवा करण्याची शक्यताही उरणार नाही. दोन महाविद्यालयांनी तयारी दाखवली आहे.

या वर्षीची यादी तयार आहे. त्यात बदलीने दूर गेलेले आहेत, एक जण केंद्रप्रमुख झाला आहे, एकीने शाळा सोडून शिकवण्या सुरू केल्या आहेत. दोघांनी भेट नको असं कळवलं आहे. त्यांच्या शाळेत मी जाणार नाही, आणि त्यांच्या नावापुढची जागा दुसऱ्या कशाने भरणारही नाही.